पाणी, पोथी आणि पटोला : पाटण नगरीतील अर्धा दिवस

(सुवर्ण महोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



शंखेश्वर तीर्थाच्या यात्रेला निघालेल्या संघांची बस बहुधा पाटणला थांबते. पंचासरा पार्श्वनाथ प्रभूंचे दर्शन होते, भोजनशाळेत पंगत बसते आणि 'पुढे उशीर होईल' या घोषात तासा-दीड तासात बस पुढे निघते. घरी परतल्यावर 'पाटण पाहिले' असे सांगितले जाते. वास्तविक पाहता एक जिनालय आणि एक भोजनशाळा, एवढेच पाटण डोळ्यांखालून गेलेले असते. या नगरीला अर्धा दिवस दिला, एखादा जाणकार स्थानिक मार्गदर्शक सोबत घेतला, तर यात्रेकरूच्या पदरी काय पडते, हे सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

अहमदाबादहून पाटण सुमारे सव्वाशे किलोमीटर. इ. स. ७४५ च्या सुमारास वनराज चावडा याने सरस्वती नदीच्या काठी हे नगर वसविले आणि त्याला अणहिलपूर हे नाव मिळाले. पुढे सोळंकी राजांच्या काळात ते संपूर्ण गुजरातची वैभवशाली राजधानी झाले. सिद्धराज जयसिंह आणि परमार्हत कुमारपाल या दोन राजांची नावे प्रत्येक जैनाच्या परिचयाची आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस अलाउद्दीन खिलजीच्या सैन्याने हे वैभव लुटले. १४११ साली अहमदाबादची स्थापना झाली, राजधानी तिकडे गेली आणि पाटण मागे पडले. त्यानंतरच्या काळात ते बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात दीर्घकाळ होते. त्यामुळे मराठी माणसाला हे नगर अगदीच परके नाही.

अर्ध्या दिवसाचा प्रारंभ अर्थातच प्रभुदर्शनाने व्हावा. वनराज चावड्याला बालपणी आश्रय देणारे शीलगुणसूरी महाराज आणि पंचासर गावाहून आणलेली पार्श्वनाथ प्रभूंची प्रतिमा, ही कथा मार्गदर्शक मंदिराच्या प्रांगणातच सांगतो. पाटण हे शंभराहून अधिक जिनालयांचे नगर म्हणून ओळखले जाते. मात्र याच नगरातील एका जिनालयाचा, सोळाव्या शतकाच्या अखेरचा, अप्रतिम कोरीव काष्ठमंडप आज पाटणमध्ये नाही. तो १९१६ पासून अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तेथे तो उत्तम प्रकारे जतन झालेला आहे, जगभरचे लोक मान वर करून त्याचे घुमट पाहतात. परंतु ज्या पाड्यात तो उभा होता, तेथील मुलांना तो पाहावयाचा तर सात समुद्र ओलांडावे लागतात. दर्शनाच्या प्रसन्न वातावरणातही ही एक गोष्ट मनाला लागून राहते.

मंदिराच्या सान्निध्यातच श्री हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिर आहे. त्याच्या वेळेची चौकशी आधी करून ठेवावी. आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी महाराजांच्या प्रेरणेने आणि परिश्रमाने पाटणमधील निरनिराळे ज्ञानभांडार येथे एकत्र आले आणि १९३९ साली या वास्तूचे उद्घाटन झाले. हजारो हस्तलिखिते येथे आहेत. कपाटांच्या रांगा, लाकडी पेट्या आणि वस्त्रात बांधलेल्या पोथ्या पाहताना प्रथमदर्शनी एखाद्या पेढीत आल्यासारखे वाटते. मार्गदर्शकाने ताडपत्राची रचना समजावून सांगितली की दृष्टी बदलते. लांबट पानाला मध्ये छिद्र, त्यातून ओवलेली दोरी, वर-खाली लाकडी पट्ट्या आणि त्यावर घट्ट गुंडाळलेले वस्त्र. हे वस्त्र सैल बांधले की वाळवी आणि दमट हवा शिरते. म्हणून ज्ञानपंचमीला पोथ्या बाहेर काढणे, झटकणे आणि पुन्हा घट्ट बांधणे ही नुसती पूजा नव्हती. श्रावकांनी पिढ्यान्पिढ्या केलेली ती देखभाल होती. येथील ताडपत्रांची वर्णनात्मक सूची १९३७ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली, ही गोष्टही मराठी यात्रेकरूने अभिमानाने ध्यानी घ्यावी.

ज्यांचे नाव या वास्तूला दिले आहे, ते कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य १०८८ साली धंधुक्यात जन्मले. सिद्धराजाच्या इच्छेवरून त्यांनी सिद्धहेम व्याकरण रचले आणि राजाने तो ग्रंथ हत्तीवर ठेवून नगरातून मिरविला, अशी परंपरा सांगते. हत्तीवर राजे मिरवतात, सेनापती मिरवतात. पाटणने व्याकरणाचा ग्रंथ मिरविला.

ज्ञानमंदिरातून निघून गावाबाहेर आले की राणी की वाव. भीमदेव पहिला याच्या निधनानंतर राणी उदयामती हिने पतीच्या स्मृतिप्रीत्यर्थ अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पायऱ्यांची विहीर बांधविली. सुमारे ६४ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २७ मीटर खोल असे हे जमिनीच्या पोटात उतरत गेलेले जणू उलटे मंदिरच आहे. सात टप्प्यांत उतरणाऱ्या या वास्तूत पाचशेहून अधिक मोठी शिल्पे आहेत, लहान शिल्पांची संख्या हजाराहून अधिक आहे. सरस्वतीच्या पुरांनी ती गाळाने भरून गेली आणि शतकानुशतके झाकलेली राहिली. विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्याने हा गाळ उपसला. गाळाखाली राहिल्यामुळेच मूर्तींची नाकेडोळे इतकी रेखीव राहिली. २०१४ साली तिला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला आणि २०१८ पासून शंभराच्या जांभळट नोटेच्या पाठीवर ती सर्वांच्या खिशात आली. रोज गल्ला मोजणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्या नोटेची पाठ न्याहाळली असेल, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

येथे मार्गदर्शक एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. ही वाव उदयामती राणीने बांधविली, याची नोंद कोठून मिळते? ती मिळते मेरुतुंगाचार्य या जैन मुनींच्या 'प्रबंधचिंतामणी' या ग्रंथातून, जो इ. स. १३०४ च्या सुमारास रचला गेला. पाषाण गाळात गेला, पण राणीचे नाव पोथीत राहिले. पाषाण बाहेर आला, तेव्हा त्याला त्याचे नाव परत देण्यासाठी पोथी तयार होती. जवळच सिद्धराजाच्या सहस्रलिंग तलावाचे अवशेष आहेत. सरस्वतीचे पाणी कालव्याने आणून, गाळून, तलावात सोडण्याची ती योजना पाहिली की राजाचे मोठेपण युद्धाइतकेच पाण्यातही असते, हे पटते.

आता ऊन चढलेले असते. परतीच्या वाटेवर, राणी की वावच्या रस्त्यावरच, पटोल्याचे संग्रहालय आणि विणकाम पाहावयास मिळते. येथे महाराष्ट्राचा संबंध अगदी थेट येतो. परंपरा अशी सांगते की कुमारपाल राजा पूजेसाठी नित्य नवे पटोला वस्त्र परिधान करीत असे. हे वस्त्र जालन्याहून येई. एके दिवशी त्याला कळले की जालन्याचा राजा ही वस्त्रे आधी स्वतः वापरून मगच बाहेर पाठवितो. वापरलेले वस्त्र नेसून आपण प्रभूची पूजा केली, याचे राजाला अतीव दुःख झाले. त्याने साळवी विणकरांची सातशे कुटुंबे पाटणला आणून वसविली. या कथेतील इतिहास किती आणि आख्यायिका किती, याचा निवाडा विद्वानांनी करावा. व्यापाऱ्याने मात्र त्यातील मर्म ओळखावे. माल जसा सांगितला तसाच असला पाहिजे, हा आग्रह एका राजाने धरला आणि त्यातून एका नगरीची कला उभी राहिली.

पटोला विणतात कसा? सामान्य कापडात आधी विणणे आणि मग छापणे किंवा रंगविणे. येथे सर्व क्रम उलटा आहे. रेशमाचा उभा ताणा आणि आडवा बाणा, दोन्ही विणण्यापूर्वीच नक्षीच्या मापाने सुती दोऱ्याने बांधून रंगवितात. एक रंग झाला की गाठी सोडायच्या, पुन्हा नव्या जागी बांधायच्या, पुन्हा रंगात बुडवायचे. लाख, मंजिष्ठा, नीळ, हळद अशा रंगद्रव्यांची ही परंपरा. मग एका बाजूला कललेल्या मागावर दोघे विणकर बसतात. शिसवीच्या तलवारीसारख्या पट्टीने, जिला ते 'वी' म्हणतात, बाणा ठोकतात. थोडे विणून झाले की ताण सैल करून सुईच्या टोकाने एकेक धागा जागेवर आणतात. ताण्याचा लाल ठिपका आणि बाण्याचा लाल ठिपका नेमके एकमेकांवर आले, तरच फूल उमलते. धागा किंचित सरकला तर हत्तीची सोंड बिघडते. एका साडीला चार ते सहा महिने लागतात, आणि म्हणूनच तिची किंमत लाखांच्या घरात जाते. अशा दुहेरी विणीची कला जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. पाटणमध्येही ती जाणणारी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

या ठिकाणी बहुतेक गटांत एक प्रसंग हमखास घडतो. एखाद्या भगिनीने लग्नकार्यात 'पटोला' म्हणून घेतलेली साडी नेसलेली असते. विणकर काही बोलत नाही. तो मागावरील वस्त्राची कड हळूच उलटी करून दाखवितो. उलट आणि सुलट यांत फरक नसतो. रंग दोन्हीकडे सारखाच तेजस्वी. मग त्या भगिनीचा हात आपसूक स्वतःच्या पदराकडे जातो. पदराच्या मागे रंग फिका असतो, नक्षी पुसट असते. ती साडी छापील असते. क्षणभर कोणी काही बोलत नाही.

बंधू-भगिनींनो, त्या शांततेचे उत्तर कोणी द्यायचे? विणकराने नव्हे आणि त्या भगिनीनेही नव्हे. ते उत्तर कापडाच्या दुकानात गादीवर बसणाऱ्याने द्यायचे आहे. तत्त्वार्थसूत्रात अस्तेय व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे आणि खोटी मापे वापरणे यांच्याच पंक्तीत 'प्रतिरूपक व्यवहार' येतो. प्रतिरूपक व्यवहार म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपविणे. शास्त्रकारांनी हा शब्द लिहिला, तेव्हा छपाईची यंत्रे नव्हती; पण व्यापाऱ्याचा स्वभाव त्यांनी पुरता ओळखला होता. छापील साडी विकणे हा दोष नाही. राजकोटची एकेरी विणीची साडीही एक प्रामाणिक आणि सुंदर वस्तू आहे. दोष आहे तो तिला दुसऱ्याचे नाव देण्यात. २०१३ साली पाटण पटोल्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे कायद्यानेही हे नाव जपले. परंतु श्रावकाला कायद्याच्या आधी व्रताचा धाक असावा.

आणखी एक प्रश्न प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. रेशीम मिळविण्यासाठी कोश उकळतात आणि त्यात जीवहिंसा होते. याच कारणाने आज अनेक साधर्मिक रेशीम वर्ज्य मानतात. ज्या कुमारपालाने राज्यात अमारी घोषणा केली, त्याच्याच पूजेच्या वस्त्रावरून हा विचार मनात यावा, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. ज्याने रेशमाचा त्याग केला, त्याचा त्याग वंदनीय आहे. मात्र त्यागाचा अर्थ अनादर किंवा अज्ञान असा होत नाही. अशा श्रावकासाठीही पाटणमध्ये एक वाट आहे. येथील विणकर मशरू विणतात. मशरूची मूळ रीत अशी की वरच्या बाजूस रेशमी ताण्याची झळाळी आणि अंगाला लागणाऱ्या बाजूस सुती बाणा. ज्या मुस्लिम पुरुषांना शुद्ध रेशीम अंगाला लावणे धर्माने मान्य नव्हते, त्यांच्यासाठी ही युक्ती निघाली आणि म्हणूनच 'अनुज्ञात' या अर्थाचे नाव तिला मिळाले. आज पुष्कळसे मशरू रेशमाऐवजी रेयॉनच्या ताण्यावर विणले जाते. विचारून, खात्री करून असे वस्त्र घेतल्यास अहिंसेचे व्रतही पाळले जाते आणि विणकराच्या चुलीलाही हातभार लागतो.

दुपारी एकच्या सुमारास हा अर्धा दिवस संपतो. बसमध्ये बसताना तीन गोष्टी सोबत येतात. वाव गाळाखाली शतके राहिली आणि उपसल्यावर जशीच्या तशी मिळाली. पोथी वस्त्रात बांधून ठेवली आणि शतकांनंतरही वाचता आली. पटोला मात्र असा पुरून किंवा बांधून ठेवता येत नाही. जुनी साडी संग्रहालयाच्या काचेत टिकेल, पण ती विणण्याची विद्या हातांतच असते. हात थांबले की ती कोणत्याही उत्खननात सापडणार नाही. ते हात चालू राहावेत, यासाठी जाणकार ग्राहक आणि खरे बोलणारा व्यापारी यांची गरज आहे.

म्हणून पुढच्या यात्रेचे नियोजन करणाऱ्या कार्यकर्त्यांना एवढीच विनंती की पाटणला तासाऐवजी अर्धा दिवस द्यावा. स्थानिक मार्गदर्शकाला योग्य मानधन द्यावे. मुलांना वावेच्या पायऱ्या मोजू द्याव्यात, ताडपत्राची दोरी पाहू द्यावी आणि पदर उलटून पाहावयास शिकवावे. आणि गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाने बिलावर मालाचे नाव लिहिताना क्षणभर थांबावे.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेन्द्र.