औषध आणि वाढतें वजन

मनोविकारांतून सावरणाऱ्या माणसाचें वजन वाढूं लागलें, कीं घरांत त्याच्या खाण्यावर टोमणे सुरू होतात. परंतु दोष बहुधा जिभेचा नसतो. क्लोझापीन, ओलान्झापीन यांसारखीं औषधें हिस्टामीन व सेरोटोनिन यांचे मेंदूंतील भूक आवरणारे संदेश अडवितात. त्यामुळें पोट भरलें तरी तृप्ति होत नाहीं. पुढें लाजेनें रोगी गुपचूप गोळ्या सोडतो आणि विकार उलटतो. खरा धोका येथें आहे. २००४ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं आरंभीं, नंतर ४, ८ व १२ आठवड्यांनीं आणि पुढें दर तीन महिन्यांनीं वजन पाहण्यास सुचविलें. वाढ दिसतांच डॉक्टरांस सांगावें. औषध बदलतां येतें, मेटफॉर्मिनची जोडहि देतां येते. पथ्य एकट्यावर लादण्यापेक्षां घरांतील सर्वांचेंच ताट थोडें हलकें करावें.