भिंतीवरची सरस्वती



दसऱ्याला शाळेत पाटीपूजन होते, ते तुमच्यापैकी बहुतेकांनी केलेले असेल. मुले एकाचे आकडे मांडून पाटीवर सरस्वती काढतात. तिला डोळे नाहीत, लुगडे नाही, वीणा नाही. तरी ती सरस्वतीच. आणि त्याच वर्गात, फळ्याच्या वर, दुसरी सरस्वती असते. काचेच्या तसबिरीतली. खडकावर बसलेली, पांढरी साडी नेसलेली, हातांत वीणा, जवळ मोर. फूल आपण दोघींनाही वाहतो.

आता समजा, एखाद्या चुणचुणीत पोराने विचारले, "गुरुजी, सरस्वती अशीच दिसते हे पाहिलं कोणी?" तर काय सांगाल? "गप्प बैस" म्हणू नका. प्रश्न चांगला आहे, आणि त्याला उत्तरही आहे. ही मूर्ती एका माणसाच्या हाताने कापडावर रंगवली, दुसऱ्या काही माणसांच्या हातांनी कागदावर उतरली, आणि मग तुमच्या-आमच्या भिंतीवर आली.

त्या चित्रकाराचे नाव राजा रविवर्मा. जन्म १८४८ सालचा, केरळातल्या किळीमानूरचा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा मोठी तैलचित्रे करवून घेतली. त्या कामासाठी रविवर्मा देशभर हिंडले. प्रश्न पोशाखाचा होता. प्रांताप्रांताची नेसण वेगळी. मग सीतेला, दमयंतीला नेसवायचे काय? त्यांनी साडी निवडली. कोणत्याही प्रांतातल्या बाईला ही आपल्यातलीच वाटावी, हा त्यातला विचार. आज देवी म्हटले की साडीच डोळ्यांपुढे येते, त्याचे एक मोठे कारण ही निवड आहे.

पण तैलचित्र राहते राजवाड्यात. ते कुणब्याच्या ओसरीवर कसे यायचे? इथे छापखान्याची गोष्ट सुरू होते.

शिळाछापी पोथी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तीच ही युक्ती. चुनखडीचा एक सपाट दगड घ्यायचा. चांगले दगड जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातून येत. तो घासून गुळगुळीत करायचा आणि त्यावर तेलकट खडूने उलटे चित्र काढायचे. मग दगड ओला करायचा. आता तेल आणि पाणी यांचे सख्य नाही, हे घरातल्या बायांना सांगायला नको. जिथे तेलकट रेघ आहे तिथे पाणी थांबत नाही, आणि जिथे पाणी आहे तिथे तेलकट शाई धरत नाही. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते. वर कागद दाबला की चित्र सुलटे उतरते.

हे झाले एका रंगाचे. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड निराळा. तोच कागद एकामागून एक दगडांवर, अगदी त्याच जागी बसवावा लागे. केसभर सरकला तर ओठाचा लाल रंग हनुवटीवर जायचा! शेवटी वरून रोगणाचा हात देत, म्हणून ही चित्रे तैलचित्रासारखी चमकत.

आपल्याकडे या कामाचा पाया पुण्यात पडला. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली चित्रशाळा काढली. तिथले रामपंचायतन महाराष्ट्रात घरोघर गेले. पुढे १८९४ साली रविवर्मांनी मुंबईत स्वतःचा छापखाना सुरू केला. शकुंतलेचा जन्म हे तिथले पहिले चित्र. मग लक्ष्मी आली, सरस्वती आली. काही वर्षांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो श्लायशर नावाच्या जर्मन कारागिराने विकत घेतला आणि पुढे चालवला. रविवर्मा १९०६ साली वारले. चित्रे मात्र छापली जातच राहिली. कोल्हापूरच्या धुरंधरांसारख्या चित्रकारांची चित्रेही तिथे छापली गेली.

हा कागद येण्याआधी खेड्यात देव पाहायला मिळत नव्हता का? मिळत होता. देव्हाऱ्यात टाक होते, शिवेवर शेंदराचा दगड होता. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतली चित्रे समोर धरून रामायण सांगत. पण चित्रकथी आला की राम यायचा, चित्रकथी गेला की जायचा. छापील राम घरात मुक्कामालाच आला.

आणि तो कोणाच्या घरात आला, हेही बघा. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर तो येऊ शकला. पंढरपूरचे देऊळ सगळ्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. छापील चित्र त्याच्या कितीतरी आधी निघाले होते. कागदाने शिवाशीव संपवली, असे मी म्हणत नाही. ती माणसांनीच संपवायची गोष्ट आहे. पण बाजारात चित्र विकत घेताना पुजाऱ्याची परवानगी लागत नव्हती, एवढे खरे.

या चित्रांना नावे ठेवणारेही झाले. कोणी म्हणाले, ह्या देवी नाटकातल्या राण्यांसारख्या दिसतात. त्यात तथ्य नाही असे नाही. एकच गोरा, नाकीडोळी नीटस चेहरा सगळीकडे गेला, आणि गावोगावच्या देवीचे स्वतःचे रूप मागे पडले. म्हणून मुलांना दोन्ही दाखवा. तसबिरीतली देवी दाखवा, आणि गावदेवीचा शेंदराचा तांदळाही दाखवा.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. आमच्या आजीच्या माजघरात लक्ष्मीची तसबीर होती. आजीने तिच्या पदराला स्वतःच्या हाताने जर आणि टिकल्या लावल्या होत्या. त्या काळी बऱ्याच घरी असे करीत. एका दिवाळीला घर सारवताना काच फुटली. फुटकी तसबीर घरात ठेवू नये म्हणून मला ती पिंपळाच्या पारावर ठेवून यायला सांगितले. मी ठेवून आलो. रात्री अवकाळी पाऊस पडला. सकाळी पाहिले तर कागदाचा लगदा झाला होता, आणि जर तेवढी चमकत होती. चित्राखाली बारीक अक्षरे होती, एवढे आठवते. ती मी कधी वाचली नाहीत.

हे आज सांगायचे कारण असे. मळवलीच्या छापखान्याला १९७२ साली आग लागली आणि फार मोठे नुकसान झाले. तेव्हा जुन्या घरांच्या भिंतींवर जे उरले आहे, तेच पुष्कळ आहे. काच फुटली तर काच बदला. चित्राचे विसर्जन करायची घाई नको. भिंतीला ओल असेल तिथे तसबीर टांगू नका, उन्हाच्या तिरिपीत ठेवू नका, कागद फाटला तर खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवू नका.

आणि शिक्षक मित्रहो, तुम्हाला एक काम सुचवतो. मुलांना आपापल्या घरच्या जुन्या तसबिरी बघायला सांगा. खालच्या कडेला छापखान्याचे आणि गावाचे नाव असेल तर ते वहीत उतरवून आणू दे. ही तसबीर कोणी आणली, कुठल्या जत्रेतून आणली, हे आजीला विचारून लिहू दे. गावाचा इतिहास म्हणजे काही फक्त किल्ला आणि सनद नव्हे.

मग दसऱ्याला तो प्रश्न पुन्हा आला, तर सांगा: बाळ, सरस्वती अशी एका माणसाला दिसली, म्हणून त्याने अशी काढली. तुला कशी दिसते? घे पाटी, काढ.