करून बघा



प्राचार्य मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, मुलांना करिअरबद्दल मार्गदर्शन करा. पण आल्या आल्या पाय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे वळले. तेच किपचं उपकरण, तोच हायड्रोजन सल्फाइडचा वास! आमचे सर पहिल्या रांगेत बसलेत. सर, ब्युरेटचं रीडिंग डोळ्यांच्या पातळीत आणल्याशिवाय तुम्ही वहीत लिहू दिलं नाहीत. ती शिस्त आजही माझ्या हातात आहे.

माझा विषय असममित उत्प्रेरण. काही रेणूंची दोन रूपं डाव्या-उजव्या हातांसारखी असतात: घटक तेच, पण एक दुसऱ्यावर बसत नाही. कार्व्होनच्या एका रूपाला पुदिन्याचा वास, दुसऱ्याला शहाजिऱ्याचा. औषधात हा फरक फार महत्त्वाचा ठरू शकतो. हवं तेच रूप बनवणाऱ्या धातूंच्या उत्प्रेरकांसाठी २००१ चं नोबेल नोल्स, नोयोरी आणि शार्पलेस यांना मिळालं. नोल्स यांच्या कामातून पार्किन्सनवरचं एल-डोपा कारखान्यात बनू लागलं. पण यातले बरेच धातू महाग, आणि काही उत्प्रेरक हवा-ओलावा लागताच बिघडतात.

बेंजामिन लिस्ट यांनी अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत प्रोलीन हे साधं, धातू नसलेलं अमिनो आम्ल घेतलं. ते उत्प्रेरक म्हणून १९७० च्या दशकातच वापरलं गेलं होतं, पण तो धागा पुढे कोणी फारसा नेला नव्हता. लिस्ट यांनाही मोठी आशा नव्हती. तरी त्यांनी करून बघितलं, आणि जमलं! ते साल २०००. त्याच वर्षी बर्कलीत डेव्हिड मॅकमिलन यांनी स्वतंत्रपणे धातूविना उत्प्रेरक बनवला. २०२१ चं नोबेल दोघांना मिळालं.

मुलांनो, ‘चालणार असतं तर आधीच कोणीतरी केलं असतं’ हे वाक्य तुमच्या तोंडी मला ऐकायचं नाही. शंका आली? करून बघा. सर नाही म्हणाले? कारण विचारा, आणि मग करून बघा. मोबाइलवर दुसऱ्याचा प्रयोग पाहिलात म्हणजे तो तुमचा झाला नाही. परीक्षानळी स्वतःच्या हातात घ्या.

आम्हाला असं स्वतः करून बघणं जमलं ते प्रयोगशाळेतल्या मामांमुळे. मामा, निवृत्त होऊनही आज तुम्ही आलात. तास संपल्यावर आम्ही रेंगाळायचो, तेव्हा तुम्ही कुलूप हातात घेऊन थांबायचात, कधी हाकललं नाहीत.

संस्थेचे अध्यक्षसाहेब समोर आहेत, म्हणून मागतेच. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा मुलांसाठी उघडी ठेवा. देखरेखीला एक शिक्षक द्या. रसायनांचा खर्च आम्ही माजी विद्यार्थी उचलू. पहिल्या वर्षाची रक्कम मी आज कार्यालयात भरूनच जाणार आहे.