सुधारणेसोबत चाचणीही हवी

आपला पासवर्ड, बँकेची माहिती इंटरनेटवरून जाताना कुणाला वाचता येऊ नये, यासाठी जगभर ‘ओपनएसएसएल’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरलं जातं. एप्रिल २०१४ मध्ये त्यातला ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. जोडणी चालू आहे ना, हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याला थोडा मजकूर पाठवतो आणि त्याची लांबी कळवतो. दुसऱ्यानं तोच मजकूर परत करायचा. पण कळवलेली लांबी खरी आहे का, हे तपासलंच जात नव्हतं. चार अक्षरं पाठवून हजारो अक्षरं पाठवल्याचं सांगितलं, की समोरचा संगणक आपल्या मेमरीतली तेवढी माहिती देऊन टाकायचा. मार्च २०१२ च्या आवृत्तीत आलेला हा दोष दोन वर्षं तसाच राहिला.

कोड सर्वांसाठी खुला होता, तरीही हे घडलं. मुद्दाम खोटी लांबी पाठवणारी एक लहानशी स्वयंचलित चाचणी असती, तर हा दोष तेव्हाच उघडा पडला असता.

स्वयंचलित चाचणी म्हणजे प्रोग्रॅम तपासणारा प्रोग्रॅम. कोडमध्ये बदल झाला, की या चाचण्या आपोआप चालवता येतात. त्यांत कोडचा किती भाग प्रत्यक्ष चालला, याचं माप म्हणजे कव्हरेज. शंभर टक्के कव्हरेज म्हणजे निर्दोष कोड नव्हे. खरी लांबी पाठवली असती तरी हार्टब्लीडच्या त्याच ओळी चालल्या असत्या आणि चाचणी उत्तीर्ण झाली असती. पण ज्या ओळी एकदाही चालल्या नाहीत, त्या कव्हरेज नेमक्या दाखवतं. काम तिथून सुरू करावं आणि चुकीची माहितीही देऊन पाहावी.

आपल्या मोबाइलमध्ये असलेल्या ‘एसक्यूलाइट’ या डेटाबेस सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. २०२३ मधल्या एका आवृत्तीत त्याच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या सुमारे ५९० पट होता. तिथे दोष दाखवून देणारी नवी चाचणी जोडल्याशिवाय तो दोष दुरुस्त झाला असं मानत नाहीत. हा नियम प्रत्येक प्रकल्पानं स्वीकारावा.

मुक्तस्रोत प्रकल्पात माणसं येतात, जातात. कोड लिहिणारा निघून गेला, तरी त्यानं लिहिलेली चाचणी पुढच्याला सावध करत राहते. म्हणून प्रकल्प सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे: सगळ्या चाचण्या एका आज्ञेनं चालतील अशी सोय करा, आणि चाचणी लिहिणाऱ्याचं नाव कोड लिहिणाऱ्याइतक्याच मानानं घ्या.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, ‘एवढ्या मोठ्या प्रकल्पात मी काय करणार?’ असं म्हणू नका. पायथन भाषेच्या प्रकल्पाची मार्गदर्शिकाच नवोदितांना चाचण्यांचं कव्हरेज वाढवण्याचं काम सुचवते. चाचणी लिहिताना कोड समजतो आणि आत्मविश्वास येतो. तुम्ही रोज वापरता असा एखादा मुक्तस्रोत प्रकल्प निवडा, त्यातला चाचणी नसलेला भाग शोधा आणि तुमची पहिली चाचणी लिहून पाठवा.