बारा वर्षांच्या मुलाचं देणं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



“कामाबद्दल बोल, पण समजेल असं बोल,” अशी आपल्या बॅचची अट आहे. मी सूक्ष्मजीवांकडून सुगंध आणि स्वाद बनवून घेतो. त्यातलं ओळखीचं उदाहरण घेतो : व्हॅनिला.

व्हॅनिला म्हणजे मूळच्या मेक्सिकोतल्या एका ऑर्किडची शेंग. तिच्यातला मुख्य सुगंधी पदार्थ व्हॅनिलिन. हिरव्या शेंगेत तो साखरेला बांधलेला असतो, म्हणून वास येत नाही. शेंगा काही महिने उबवून, वाळवून तो सुटा करतात. आज जगात वापरलं जाणारं बहुतेक व्हॅनिलिन मात्र कारखान्यातलं, मुख्यतः खनिज तेलापासून केलेलं असतं.

तिसरी वाट आमची. 2009 मध्ये संशोधकांनी पावाच्या यीस्टमध्ये शेणावरच्या बुरशीचं, जिवाणूंचं आणि चक्क माणसाचंही जनुक घातलं. यीस्ट साखर खाऊन व्हॅनिलिन करू लागलं. लिटरमागे अवघं 45 मिलिग्रॅम. कारण जास्त झालं की व्हॅनिलिन यीस्टलाच बाधतं. त्यावरचा तोडगा शेंगेकडे आधीपासून होता : व्हॅनिलिनला साखर जोडून ठेवायची. एका रोपाचं जनुक वापरून यीस्टकडून तेही करवून घेता आलं.

आंबवून केलेलं हे व्हॅनिलिन काही देशांत ‘नैसर्गिक’ म्हणून विकता येतं. खरा प्रश्न इथे सुरू होतो.

मेक्सिकोबाहेर नेलेल्या वेलींना फुलं येत, पण परागण होत नसल्यानं शेंगा धरत नसत. 1841 मध्ये रियुनियन बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं बारीक काडीनं फुलातला पडदा उचलून अंगठ्यानं पराग लावण्याची सोपी युक्ती शोधली. त्या युक्तीवर मळेवाले श्रीमंत झाले. एडमंड 1848 मध्ये गुलामीतून सुटला, पण 1880 मध्ये गरिबीतच वारला. मादागास्करचे शेतकरी आजही एकेक फूल त्याच रीतीनं हातानं फळवतात.

म्हणून बैठकींत मी दोन आग्रह धरतो. टाकीतल्या व्हॅनिलिनच्या वेष्टनावर शेंगेचं चित्र नको. शेंगेच्या वासात दोनशेहून अधिक घटक असतात, आमच्याकडे त्यातला एक. आणि आमची स्पर्धा खनिज तेलाशी असावी, शेतकऱ्याशी नको. शेंगेचा भाव जास्त, म्हणून नफ्याचं गणित नेमकं उलट सांगतं. तरी मी बोलत राहतो.

समोर सातवीची मुलं बसली आहेत. एडमंड तुमच्याच वयाचा होता. बाळांनो, नवा शोध ऐकलात की तो कसा चालतो हे जरूर विचारा. पण युक्ती कोणाची आणि पैसा कोणाला, हेही त्याच विज्ञानाच्या तासाला विचारा. बाई रागावणार नाहीत.