छपरावरील हिरवळ आणि पावसाचे पाणी
(भाषणाचा मजकूर)



तापी नदी ज्या ठिकाणी खंबातच्या आखाताला मिळते, त्या मुखाशी हजीरा वसले आहे. खते, पोलाद आणि नैसर्गिक वायू यांच्या कारखान्यांमुळे हा किनारा देशभर ज्ञात आहे. येथील पावसाळ्याची अडचण मात्र जुनीच आहे. आकाशातून मुसळधार पाऊस आणि समुद्रातून मोठी भरती, ही दोन्ही एकाच वेळी आली म्हणजे गटारांतील आणि खाड्यांतील पाण्याला पुढे सरकण्यास वाट उरत नाही. ओहोटी लागेपर्यंत ते सखल वस्त्यांत साचून राहते. अशा वेळी पाणी तासभर जरी उशिराने गटारात आले, तरी तो तास मोलाचा ठरतो.

हे पाणी येते कोठून? त्याचा मोठा वाटा घरांच्या छपरांवरून येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर पाच हजार लिटर, म्हणजे एक टँकरभर पाणी, थोड्याच वेळात नळातून रस्त्यावर उतरते. सिमेंटची गच्ची त्यातील जवळजवळ काहीच धरून ठेवीत नाही.

छपरावर माती घालण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. पोटापाण्यासाठी सुरतेत येऊन स्थायिक झालेल्या खानदेशातील कुटुंबांना धाब्याची घरे सांगावयास नकोत. लाकडी सरे, त्यांवर फळ्या किंवा काड्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशा घरात वैशाखातील दुपारदेखील सुसह्य होत असे. परंतु धाब्यावर गवत उगवले की घरातील वडीलधारी माणसे ते लगोलग उपटून टाकीत. मुळे खाली शिरली की घर गळणार, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आजच्या हिरव्या छपराची सारी युक्ती या एका भीतीचे निवारण करण्यात आहे. स्लॅबवर प्रथम पाणी अडविणारा थर, त्यावर मुळांना रोखणारा पडदा, मग निचऱ्यासाठी खडीचा किंवा तत्सम हलका थर, त्यावर गाळणीचे कापड आणि सर्वांत वर माती व झाडोरा, अशी ही रचना असते. मुंबईत मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यान, ज्याला लोक हँगिंग गार्डन म्हणतात, ते पाण्याच्या मोठ्या टाकीच्या छतावरच उभे आहे. तेथे फिरावयास जाणाऱ्या कित्येकांना आपण एका छपरावर चालत आहोत याची जाणीवही नसते.

कोरड्या मातीवर पाऊस पडला की ती आधी स्वतःची तहान भागविते आणि उरलेले पाणी सावकाश खाली सोडते. सतत आठवडाभर पाऊस लागला, तर माती भिजून तुडुंब होते आणि मग तिची साठवण संपते. तथापि तेव्हाही पाणी थरांतून झिरपत येत असल्याने त्याचा लोंढा काहीसा मंदावतो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडाव्या लागलेल्या प्रचंड विसर्गाने सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. ते नदीचे पाणी होते. अशा महापुरापुढे गच्चीवरील हिरवळीचे काही चालत नाही, आणि तसे आश्वासन कोणी देऊ नये.

उष्णतेच्या बाबतीत हीच माती दुहेरी काम करते. ऊन थेट स्लॅबवर पडत नाही, आणि झाडे पानांवाटे जे पाणी हवेत सोडतात ते जाताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता खर्ची पडते. पण एप्रिल-मे महिन्यांत मातीत ओलच नसेल, तर हा लाभ घटतो. उरतो तो केवळ मातीच्या जाडीचा. म्हणून कोरफड, चिनी गुलाब, पानफुटी अशी थोड्या पाण्यावर तगणारी झाडे निवडावीत. पिण्याच्या पाण्यावर बाग जगविणे या प्रदेशात शोभणारे नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वजनाचा. साध्या मातीचा दहा सेंटिमीटरचा थर पुरता भिजला की दर चौरस मीटरला सुमारे 180 किलोग्रॅम भरतो. वापरातील सपाट गच्चीवर माणसे व सामान यांसाठी दर चौरस मीटरला सुमारे 150 किलोग्रॅम भार धरावा, असे भारतीय मानक 875 सांगते. मातीचा भार त्याव्यतिरिक्त आणि बाराही महिने राहणारा. शिवाय समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने स्लॅबमधील सळया गंजतात, हे या किनाऱ्यावरील प्रत्येक गवंडी जाणतो. सबब अभियंत्याने इमारत तपासल्याखेरीज एक घमेलेही माती वर चढवू नये. शाळांच्या जुन्या इमारतींच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट घ्यावी, कारण त्या छपराखाली मुले बसतात. माती घालण्यापूर्वी गच्चीवर दोन दिवस पाणी कोंडून ठेवावे आणि खालच्या छताला कोठे ओल येते काय ते पाहावे. एकदा वर माती पडली की गळती शोधणे महाकठीण होते.

जी छपरे पत्र्याची आहेत, त्यांना हा भार पेलणार नाही. तेथे पांढरा रंग देणे हाच स्वस्त आणि सोयीचा उपाय होय. त्याने पाणी अडत नाही, पण ऊन परतते.

हिरव्या छपराची निगा फारशी जड नाही. मात्र पावसाळ्याच्या तोंडाशी पाणी जाण्याच्या जाळ्या मोकळ्या कराव्यात. आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेली वडा-पिंपळाची रोपे दोन पानांची असतानाच उपटावीत. ती हातभर वाढली, की खालच्या स्लॅबला भेग पडण्यास वेळ लागत नाही.