घास कुठे अडतो?

श्रोतेहो, आपल्याकडे 'बरं आहे' हे दोन शब्द फार काम करतात. पाहुणा आला, 'कसं काय?' म्हणाला, की घरात आजार असला तरी 'बरं आहे.' ही आपली रीत. ती वाईट नव्हे. पण तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर उपचार घेतलेला माणूस डॉक्टरांनाही हेच उत्तर देतो, तेव्हा मात्र पंचाईत होते.

शस्त्रक्रियेने गाठ जाते, किरणांनी उरलेला रोग जळतो. पण त्या भागातले स्नायू आखडतात, लाळ आटते. हा त्रास कधी कधी उपचार संपल्यावर कित्येक वर्षांनीही डोके वर काढतो. मग माणूस पहिल्यांदा भाकरी सोडतो. पुढे दुधात कुस्करून खातो. पुढे नुसती पेज. कुणी विचारले, तर म्हणतो, 'जेवतो की!' तो खोटे बोलत नसतो. सवयच तशी होऊन गेलेली असते.

मी वैद्य नव्हे, मानसशास्त्र शिकवतो. ताप मोजायला थर्मामीटर आहे, वजनाला काटा आहे. पण घास गिळताना होणारा त्रास ज्याचा त्यालाच ठाऊक. तो कसा मोजायचा? तर त्यालाच विचारून. मात्र नेमके विचारून. अमेरिकेत ह्यूस्टन येथे एम. डी. अँडरसन हे कर्करोगाचे रुग्णालय आहे. तेथे तयार झालेली एक प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात २० विधाने आहेत. जेवायला फार वेळ लागतो का, चारचौघांत जेवायची लाज वाटते का, घरच्यांना वेगळे शिजवावे लागते का, अशा धर्तीची. प्रत्येकाला 'पूर्ण पटते'पासून 'अजिबात पटत नाही'पर्यंत पाच उत्तरे. गुण २० ते १००. जितके जास्त, तितके गिळणे चांगले. दुसरी एक 'ईट-१०' नावाची प्रश्नावली २००८ सालची. तिचे प्रश्न दहाच, आणि तिथे हिशेब उलटा: प्रत्येकी शून्य ते चार गुण, आणि एकूण तीन किंवा अधिक भरले, तर तपासणी हवी.

कुणी म्हणेल, एवढे कशाला? बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांनी चित्र घ्यावे, म्हणजे झाले! चित्र हवेच. काही रोग्यांच्या घशाची संवेदना इतकी मंद झालेली असते, की पाणी श्वासनलिकेत उतरले तरी ठसका लागत नाही. तो 'काही त्रास नाही' म्हणेल, आणि चित्र वेगळेच सांगेल. उलट कुणाचे चित्र बरे असेल, पण त्याने लग्नाच्या पंगतीला जाणे केव्हाच सोडलेले असेल. ते कुठल्या यंत्राला दिसणार? म्हणून दोन्ही हवीत.

आता शिक्षक बंधुभगिनींना थोडे सांगतो. कारण गावात असा कागद वाचून दाखवायला लोक तुमच्याकडेच येणार. प्रश्न छापला आहे तसाच वाचा. 'आता पुष्कळ बरं आहे ना?' असे विचारले, की उत्तर आपणच तोंडात घातले असे होते. घरचे लोक मध्येच 'खातात हो ते!' म्हणतात, त्यांना जरा थांबवा. ह्यूस्टनच्या प्रश्नावलीत दोन विधाने उलट्या दिशेची आहेत, म्हणजे तिथे 'पटते' हे चांगले उत्तर. तेव्हा घाई करू नका. आणि इंग्रजी कागद हाती आला, तर तिथल्या तिथे आपल्या मनाने भाषांतर करत बसू नका. अशी भाषांतरे दोघांतिघांकडून करवून, पुन्हा इंग्रजीत फिरवून, रोग्यांवर पारखून घ्यावी लागतात. शब्द बदलला, की मापच बदलले. तयार मराठी कागद आहे का, हे दवाखान्यात विचारावे.

कागद मिळालाच नाही, तर घरच्यांनी एवढे तरी टिपून ठेवावे: जेवायला किती वेळ लागतो, ताटातून कोणता पदार्थ गेला, औषधाची गोळी अडते का, पाणी प्याल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का, अंगावरचे कपडे सैल झाले का. पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे 'बरं आहे' म्हणण्याऐवजी हे टिपण ठेवावे. गिळण्याचे व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ मोठ्या रुग्णालयांत असतात. त्यांच्याकडे पाठवायचे की नाही, हे या टिपणावरून डॉक्टरांना ठरवता येते. मात्र पाणी पिताना वारंवार ठसका लागू लागला, किंवा खोकल्याबरोबर पुन्हा पुन्हा ताप येऊ लागला, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.